स्नेहलसाठी केलेले दिवे

रंगनाथ आहेर मूळचा सटाण्याकडचा. लहानपणी विटी लागून त्याचा डावा डोळा गेला. उरलेल्या एका डोळ्यावर तो रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायला शिकला आणि नाशिकला येऊन सिडकोत एका गाळ्यात बसू लागला. बायको स्नेहल मनमाडची, जन्मापासून बहिरी. तिला बोलता येत नव्हतं, पण समोरच्याच्या ओठांवरून शब्द कळायचे, आणि स्वतःचं सगळं ती हातांनी सांगायची. लग्नानंतर वर्षभरात रंगनाथला तिचे हात वाचता येऊ लागले. दोघं भांडायचीसुद्धा हातांनीच. शेजारच्या मंगलाबाई म्हणायच्या, "तुमच्याकडे भांडण झालेलं आम्हाला कळतच नाही बाई!"

शहाण्णव साली सायली झाली. पोरगी रडली तर आईला कळणार कसं? रंगनाथने जुन्या टेपरेकॉर्डरचा माईक काढला, दोन-तीन ट्रान्झिस्टर आणि एक रिले जोडला आणि ओट्याच्या वर लाल दिवा बसवला. सायली रडली की दिवा लागायचा. पहिल्यांदा तो लागला तेव्हा स्नेहल कणीक मळत होती. तशीच कणकेच्या हातांनी पाळण्याकडे धावली. मग दारावरच्या बेलसाठी निळा दिवा झाला, कुकरच्या शिट्टीसाठी पिवळा. पिवळा कुणी शिंकलं तरी लागायचा आणि स्नेहल उगाचच गॅस बंद करायची. रंगनाथला त्याचं फार हसू यायचं.

सायली शाळेत जायला लागल्यावर स्नेहल दिवसभर एकटीच असायची. एकदा ती मागच्या अंगणात धुणं धूत असताना कुणीतरी फाटकातून आत आलं आणि तिच्या पाठीमागून भरलेलं सिलिंडर उचलून घेऊन गेलं. तिला पत्ताही लागला नाही. गेलं ते सिलिंडरच. पण रंगनाथच्या मनातून ती गोष्ट जाईना. तो माणूस तिच्या पाठीमागे उभा होता आणि तिला कळलंही नव्हतं.

त्याने अंगणाभोवती लेझरचं कुंपण करायचं ठरवलं. फाटकापासून निघालेला किरण कोपऱ्यातल्या आरशावरून वळून मागच्या भिंतीवरच्या सेन्सरवर पडायचा. मध्ये कुणी आलं की घरातले सगळे दिवे उघडझाप करणार. आधी त्याने बाजारात मिळतो तो खेळण्यातला लेझर लावून पाहिला. उन्हात तो टिकेना. म्हणून ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याच्या भंगारातून बिघडलेला डीव्हीडी रायटर आणून त्यातला लेझर त्याने काढला. तो भलताच जोरकस होता. काळ्या कागदाला भोक पाडायचा.

आरसा बसवताना किरण दिसेना. वायर सैल झाली असेल, म्हणजे लेझर बंदच आहे, असं समजून तो वाकला आणि आरशात डोकावला. तेवढ्यात सैल वायर टेकली आणि किरण आरशावरून थेट त्याच्या उरलेल्या डोळ्यात गेला.

दुखलं काहीच नाही. तो नुसता मटकन खाली बसला. स्नेहल बादली टाकून आली, त्याच्यासमोर बसून हात हलवू लागली. हात हलताहेत हे त्याला कडेकडेने दिसत होतं. बोटं काय म्हणताहेत ते दिसत नव्हतं. मधोमध काळा डाग होता.

"पडदा भाजलाय," डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. "नजर परत यायची नाही."

गाळा बंद झाला. रंगनाथ बोलला की स्नेहलला कळायचं, पण तिचं त्याला काही कळेना. ती त्याच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढायची. चार अक्षरांपुढे दोघांचाही धीर सुटायचा. मग सायली शाळेतून यायची वाट बघत दोघं बसायची.

"आई म्हणते, मी मागितलं होतं का?" अकरा वर्षांची सायली सांगायची. "ती म्हणते, सिलिंडर गेलं तर गेलं होतं."

"आणखी काय म्हणते?"

"एवढंच."

एवढंच नव्हतं, हे त्याला हवेतल्या हातांच्या फडफडीवरून समजायचं. पोर मधलं मधलं गाळत होती.

एका दुपारी त्याने मन घट्ट करून सगळं बोलायचं ठरवलं. खुर्चीकडे तोंड करून म्हणाला, "माझं चुकलं. तुला जपायला गेलो आणि..." बराच वेळ बोलत राहिला. मग मागच्या अंगणातून धुणं आपटल्याचा आवाज आला. खुर्चीवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता.

पुढच्या पावसाळ्यात तो न्हाणीघरात घसरून पडला. मांडीचं हाड मोडलं. हाका मारल्या, तांब्या फरशीवर आपटला. स्नेहल पलीकडेच भाजी निवडत होती, पण ओट्यावरचे दिवे केव्हाच बंद पडले होते. बऱ्याच वेळाने ती दार उघडून आत आली आणि त्याला पाहून तिच्या घशातून जो आवाज निघाला, तो रंगनाथने कधीच ऐकला नव्हता.

त्यानंतर तिचा भाऊ किशोर मनमाडहून आला. "दाजी, राग मानू नका," तो म्हणाला. "तुम्हाला एक माणूस लागतं, तिला एक माणूस लागतं. पोरीने दोघांचं किती करायचं? तिचं काय वय आहे?"

मायलेकी मनमाडला गेल्या. त्याला थोरल्या भावाने सटाण्याला नेलं. चार दिवसांची सोय म्हणून झालं होतं, ते तसंच राहिलं.

सायली अधूनमधून फोन करते. एकदा त्याने विचारलं, "आई काय करतेय?"

"बसलीये."

"तिच्या कानाला लाव फोन."

"पप्पा, तिला कुठे ऐकू येणारे?"

"लाव तू."

तिकडून बांगड्या वाजल्या. मग श्वास ऐकू येऊ लागला, जवळून, थोडा धापेचा. रंगनाथ फोन कानाला दाबून ऐकत राहिला.

"झालं का पप्पा?" सायलीने परत फोन घेतला होता.

"झालं," तो म्हणाला.