सहा इंच उंच गाडी

गाडी सहा इंच उंच झाली होती आणि मी तिच्याखाली उताणा पडून मागच्या आसाचा गोळा जमिनीपासून किती वर आहे ते फूटपट्टीने मोजत होतो. सव्वाआठ इंच. काम सुरू करायच्या आदल्या दिवशी मोजला होता, तेव्हाही सव्वाआठ इंच. मी पुन्हा मोजलं, कारण माणसाला वाटतं आपलंच काही चुकत असेल. काही चुकलं नव्हतं.

बाहेर नारळ फोडायची तयारी चालली होती. चाकांखाली लिंबं ठेवली होती. आमचे साहेब स्वतः टेप धरून पाहुण्यांना नवी उंची दाखवत होते.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. बुलढाण्यात एका खात्याच्या वर्कशॉपमध्ये मी मेकॅनिक होतो. खात्याचं नाव घेत नाही, घेऊन आता काही उपयोगही नाही. ही गाडी म्हणजे जीपचाच पिकअप. पुढे दोन माणसांची केबिन, मागे उघडी पेटी आणि तिच्यावर ताडपत्री. सोनाळ्याकडच्या गावांतून अडलेली बाळंतीण किंवा मोठा आजारी तालुक्याच्या दवाखान्यात आणायला तेवढी एकच गाडी होती. तिच्यावर ड्रायव्हर सुखदेव, देऊळघाटचा, आणि नर्स कुसुमबाई.

त्या भागात काळी माती. बैलगाड्या एकाच वाटेने जाऊन जाऊन दोन खोल चाकोऱ्या पडतात आणि मध्ये वरंबा उरतो. बैलगाडीचं चाक मोठं, तिचा आस वरंब्याच्या पार वरून जातो. आमच्या पिकअपचं तसं नव्हतं. मोटारीच्या मागच्या आसाच्या मधोमध एक लोखंडी फुगीर डबा असतो, त्यात चाकं फिरवणारे दाते असतात. पुस्तकात त्याला डिफरन्शियल म्हणतात, आम्ही गोळा म्हणायचो. चाकं चाकोरीत उतरली की हा गोळा वरंब्यावर टेकायचा आणि चाकं अधांतरी गरगरत राहायची. पावसाळ्यात दर आठवड्याला गाडी अशी बसायची. सुखदेवनं वरंबा मोजून आणला होता. त्याचं माप साधं. "वीतभर हाय, मिस्त्री. कुठंकुठं बोटभर जास्त." वीत म्हणजे नऊ इंच आणि गोळा सव्वाआठवर. अडचण पाऊण ते दीड इंचाची होती.

साहेबांनी ठरवलं, गाडी उंच करायची. त्यांच्या टेबलावर तीन कोटेशनं आली. पहिलं, ट्रकसारख्या जाड पाट्यांचा पूर्ण सेट. पाटे म्हणजे पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेली कमान, तिच्यावर गाडीचं अंग तोललेलं असतं. दुसरं, आस आणि पाटे यांच्यामध्ये बसवायचे लोखंडी ठोकळे. तिसरं, पाट्याचं टोक ज्या कडीत लटकतं ती कडी लांब करायची. साहेबांनी मला बोलावून विचारलं, यातलं कोणतं मजबूत. सल्ला विचारला नाही. मजबूत कोणतं, एवढंच विचारलं.

मी म्हटलं, साहेब, तिन्हींनी गाडीचं अंग वर जाईल, गोळा जिथे आहे तिथेच राहील. गोळा आसाला जोडलेला आहे, आस चाकावर उभा आहे. आसाच्या वर तुम्ही मजला चढवा नाहीतर माडी बांधा, आस वर येत नाही. आस वर आणायचा तर चाकच मोठं हवं. एक नंबर मोठे टायर घेऊ, गोळा पावणेदोन इंच वर येईल. मोठे टायर मडगार्डला घासू नयेत म्हणून पाट्यांत एकेक पट्टी वाढवू आणि अंग दोन इंच उचलू. काम संपलं.

साहेब म्हणाले, टायर झिजल्याशिवाय बदलता येत नाहीत, नियम आहे. हे टायर नवे आहेत.

मी म्हटलं, ते नवे आहेत, पण ते छोटे आहेत.

साहेबांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते, हे मला कबूल करावं लागेल आणि त्याचाच मला जास्त राग येतो. "मिस्त्री, मी डिप्लोमा केला आहे," ते म्हणाले. "गाडी खाली टेकते. म्हणजे ती वर घ्यायला हवी. यात न समजण्यासारखं काय आहे?"

चार पावलांवर अंगणात गाडी उभी होती. खाली वाकून बघितलं असतं तरी भागलं असतं. पण आमच्याकडे खुर्चीवरचा माणूस गाडीखाली वाकत नाही. वाकायचं ते मिस्त्रीनं. मग वाकलेल्याला जे दिसतं त्याला अक्कल म्हणत नाहीत.

पाट्यांचा सेट आला. मी बसवला, चांगला बसवला, कारण हातचं काम खराब करणं मला जमत नाही. ट्रकचे पाटे रिकाम्या पिकअपला बसवल्यावर गाडी फळीसारखी कडक झाली. मागची पेटी छातीला लागू लागली. पूर्वी बाळंतिणीला दोन बायका धरून चढवायच्या, आता तीन पायऱ्यांचं स्टूल लागणार होतं आणि ते कोणी दिलं नव्हतं. पाहुणे गेल्यावर साहेबांनी कागद पुढे केला: 'वाहनाची उंची सहा इंचांनी वाढविली असून काम समाधानकारक आहे.' वाक्यात खोटं काही नव्हतं. उंची वाढलीच होती. मी सही केली. घरी दोन लहान पोरं आणि नोकरी कच्ची, अशी कारणं तेव्हा माझ्याजवळ होती. ती आज सांगायला लाज वाटते, पण होती.

श्रावणात चार दिवस पाऊस झाला आणि उघडला. पाचव्या दिवशी सकाळी निरोप आला, एका गावात बाई अडली आहे, मूल आडवं आहे. कुसुमबाई आणि सुखदेव गेले. जाताना गाडी कशीबशी पोचली, कारण चिखल मऊ होता. दोन तासांच्या उन्हानं वरंबा कडक झाला. परत येताना, मागे बाई, तिची सासू आणि कुसुमबाई असताना, गावापासून मैलभरावर गोळा टेकला. मागची चाकं गरगरली. सुखदेवनं दगड घातले, तुरीच्या वाळक्या तुऱ्हाट्या घातल्या, फावड्यानं वरंबा खरडला. गाडी सरकेना.

शेवटी शेतातून बैलगाडी आणली. त्या उंच पेटीतून बाईला खाली घेताना शेतातल्या बायका धरून चौघी लागल्या. कुसुमबाईंनी मला नंतर सांगितलं, तेवढ्या उतरवण्यात ती बाई जे ओरडली ते त्यांच्या कानातून जात नाही. बैलगाडी त्याच वरंब्यावरून न अडखळता गेली. सडकेला लागून दवाखान्यात पोचायला दुपार झाली. बाई वाचली. मूल गेलं. डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आले असते तर काही करता आलं असतं. मी ते ऐकलं आणि त्या दिवशी जेवलो नाही.

आठ दिवसांनी सुखदेवला नोटीस मिळाली: वाहनाची उंची वाढवलेली असतानाही निष्काळजीपणे चालवून वाहन अडकवलं, नोकरीवरून कमी का करू नये? तो कागद घेऊन माझ्याकडे आला. "मी गाडी बराबर चाकोरीतूनच आनून राह्यलो होतो, मिस्त्री. मले काऊन काढून राह्यले?" त्याच्या आवाजात राग नव्हता. माझ्या डोक्यात मात्र जाळ झाला. मुलाचा जीव गेला होता आणि कागदावर गाडी अजून सहा इंच उंचच होती.

चौकशीला अमरावतीहून मोठे साहेब आले. मला बोलावलं नव्हतं, मी गेलो. म्हटलं, दोन मिनिटं अंगणात या. तिथे तो उंच पिकअप होता आणि शेजारी खात्याची साधी जीप, हात न लावलेली, त्याच नंबरच्या टायरची. मी लाकडाचा एक ठोकळा सव्वाआठ इंचाला कापून नेला होता. आधी जीपच्या गोळ्याखाली सरकवला. घासून बसला. मग तोच काढून पिकअपच्या गोळ्याखाली सरकवला. तसाच घासून बसला.

मोठे साहेब पँट गुडघ्यापाशी वर ओढून खाली वाकले. हाताने ठोकळा हलवून बघितला. आमचे साहेब मागे उभे होते.

"हे आधी का सांगितलं नाही?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"सांगितलं होतं."

"मग समाधानकारक म्हणून सही कोणाची आहे?"

"माझी."

ते उठून हात झटकत म्हणाले, "मग मी कोणाचं खरं धरू? तुझ्या तोंडाचं, की तुझ्या हाताचं?"

मी वाकून ठोकळा काढून घेतला.

सुखदेवची नोटीस मागे घेतली. मला लेखी ताकीद मिळाली, ती रास्तच होती. साहेबांची त्यांच्या गावाजवळ बदली झाली. जाताना त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, टायरचं तुम्ही नीट समजावून सांगायला हवं होतं. मी चहा संपवला.

महिन्याभरात मोठे टायर आले. मी ट्रकचे पाटे उतरवले, जुने चढवले, एकेक पट्टी वाढवली. गोळा मोजला. पुरे दहा इंच. सुखदेवनं गाडी मुद्दाम त्या वरंब्यावरून नेऊन आणली आणि येऊन म्हणाला, "लागतबी नाही."

कुसुमबाई बाजूला उभ्या होत्या. त्यांनी टायरला हात लावून बघितलं. "मिस्त्री, हे तुमाले तेव्हाच ठाऊक होतं?"

"हाव," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आपली औषधांची पेटी घेतली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. त्यानंतर त्यांची बदली होईपर्यंत चार वर्षं आम्ही एकाच आवारात काम केलं. गाडीबद्दल काही सांगायचं असलं की त्या सुखदेवकडून निरोप धाडायच्या.

नव्या पोरांना मी दोन गोष्टी शिकवत आलो. गाडी उचलायच्या आधी ती नेमकी कुठे टेकते ते खाली झोपून बघा. आणि पटलं नसेल तर सही करू नका, साहेब कितीही भला असो. पहिली गोष्ट पोरं दोन दिवसांत शिकतात.