लाल डोळ्यांचं पिल्लू आणि ओव्याची धुरी

पिल्लाचे डोळे उघडायच्या आधीच ते लाल आहेत की काळे हे कळतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. मलाही कोणी सांगितलं नव्हतं, बघून बघून कळलं. लव्हबर्डचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा नुसता गुलाबी मांसाचा गोळा असतो. अंगावर जेमतेम विरळ लव, मान धरत नाही. पण पापणीची कातडी इतकी पातळ की आतला डोळा बाहेरून दिसतो. काळा डोळा असला की पापणीखाली शाई सांडल्यासारखी दिसते. आमच्या पिंजऱ्यात घरट्यासाठी मडकं बांधलं होतं, त्यातल्या पिल्लाला ती शाई नव्हती. तिथे डाळिंबाच्या दाण्यासारखं फिकट लालसर काहीतरी होतं. म्हणजे हे पिल्लू पिवळं होणार होतं. पिवळंधमक, लाल डोळ्यांचं. त्याचीच तर आम्ही दोघं नवराबायको केव्हापासून वाट बघत होतो.

आम्ही तेव्हा यवतमाळात लोहाऱ्याच्या वाटेवर राहत होतो. दोन खोल्या आणि पुढे छपरी. घरात मी, हे, आणि आत्या. आत्या म्हणजे माझ्या बापाची सख्खी बहीण, आणि लग्नानंतर माझी सासू. तोंडावर मी तिला अहो-जाहो करायची, पण मनातून अजूनही अगं-तुगंच येतं, म्हणून इथेही तसंच लिहिते. हे जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होते. कापसाचा हंगाम लागला की मारेगावकडच्या जिनावर जायचे, आणि थंडीचे दिवस घरी आम्ही दोघीच.

पाखरं आली ती माझं पहिलं लेकरू गेल्यावर. मुलगा होता. थंडीतच झाला आणि पाचवा दिवसही बघितला नाही त्यानं. त्यानंतर माझी वाचाच बसली. भाकरी थापायची, पाणी भरायची, पण कोणाशी शब्द नाही. हे नागपूरला जिनाचं सामान आणायला गेलते, येताना हातात पिंजरा. एक नर हिरवा, मादी निळी. आत्यानं कपाळाला हात लावला.

"बायको बोलत नाही म्हून इलायती पोपट आणले का रे बापा?"

"हे नाही बोलत, माय. हे नुसते किचकिच करते."

"मंग घरात आंधी का कमी किचकिच होती?"

मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले म्हणून दोघं माझ्याकडे बघतच राहिले.

यांना रंगांचं वेड लागलं. नागपूरच्या विकणाऱ्यानं सांगितलं होतं की या हिरव्या नराची माय पिवळी होती, लाल डोळ्यांची, आणि नराच्या रक्तात तो पिवळा रंग लपून बसला आहे. कधीतरी पिल्लात निघेल. त्याच्याकडे तुरेवाला करडा पक्षीही होता म्हणे, गालावर केशरी डाग, जसं कोणी आत्ताच थापड मारली. पण यांना पिवळ्याचीच हौस. पहिल्या वेळी पिल्लं निघाली ती हिरवी. वाढली, जिनातल्या लोकांनी नेली. दुसऱ्या वेळी मी गरोदर होते. मादीही अंड्यांवर बसली. आत्या म्हणायची, "सून इकडं जड, पाखरू तिकडं जड, मी एकटी कोणाकोणाले पुरू?" त्या वेळची बाकी अंडी फुटलीच नाहीत. एकच पिल्लू निघालं, आणि ते हे. लाल डोळ्यांचं. त्याच आठवड्यात मला मुलगी झाली. हे मारेगावला. निरोप गेला, पण हंगाम सोडून कोण येऊ देतं?

आता धुरीचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलं.

बाळंतिणीच्या खोलीत खिडकीला पोतं ठोकायचं, दाराला गोधडी लावायची, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची. सकाळ-संध्याकाळ त्या निखाऱ्यांवर ओवा, लसणाच्या साली आणि कडुनिंबाचा पाला टाकून धूर करायचा. तीच धुरी. आई आणि लेकरू दोघांनी ती घ्यायची. सगळीकडे हेच होतं तेव्हा. पण आमच्याकडे जरा जास्तच होतं, त्याला कारण होतं.

आमच्या घरानं छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. परत आल्यावर आत्यानं स्वतःच्या हातानं देव उतरवले आणि नदीत सोडले. ज्या देवांपुढे तिनं जन्मभर दिवा लावला ते देव. डोळ्याला पाणी नाही आलं तिच्या. पाचवी पुजायची नाही, सटवी मानायची नाही, नवस नाही, उतारा नाही. ती बाई शब्दाची पक्की. पण पहिला नातू गेला तेव्हा तिच्या हातात धरायला काहीच उरलं नव्हतं. धुरी तेवढी राहिली होती. धुरी म्हणजे देव नाही, औषध आहे, असं ती म्हणायची. आणि तिच्या मनानं घेतलं होतं की मागल्या खेपेला धुरी कमी पडली.

म्हणून या खेपेला तिनं असा धूर केला की मला समोरची भिंत दिसेना. पिंजरा त्याच खोलीत होता. छपरीत थंडी आणि बोके, दुसऱ्या खोलीत चूल, मग पाखरं ठेवायची कुठे? उबेची खोली ही एकच.

आधी नर गप्प झाला. मग मादी मडक्यातून बाहेर येऊन पिंजऱ्याच्या तळाशी बसली. पिसं फुगवलेली, चोच उघडी, आणि प्रत्येक श्वासाला शेपटी वर-खाली, वर-खाली. मी बाजेवरून बघत होते.

"आत्या, पाखराले धूर लागून राह्यला. पिंजरा बाहेर काढा."

"तुयं ध्यान लेकरावर ठेव."

"मरन ते."

"आन हे?" तिनं माझ्या मांडीवरच्या पोरीकडे बोट केलं. "दार उघडलं आन हिले गार वारं लागलं तं? पाखरं नागपुरात मायंदाळ भेटते. लेकरू कोणत्या बजारात भेटते, सांग मले."

तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती, आणि तीच भीती मलाही होती. पोरगी सारखी शिंकायची. प्रत्येक शिंकेला आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या धुरीनंतर मादी उलटी पडलेली दिसली. पाय वर, पोटाचा निळा रंग तसाच चमकत होता. मी म्हटलं, "मडक्यात पिल्लू हाय, आत्या." आत्यानं पिंजऱ्यात हात घालून मादी काढली, पदरात गुंडाळली आणि बाहेर गेली. परत आली ती पिंजरा उचलायलाच. छपरीत नेऊन टांगला, बोका येऊ नये म्हणून खाली काटक्या पसरल्या. मी दाराच्या गोधडीकडे तोंड करून पडून राहिले. मला उठायची बंदी. दिसत काही नव्हतं.

"आत्या! नर मडक्यात जाऊन राह्यला का?"

"बसला हाय दांडीवर. नवरदेवावानी."

"पिल्लाले भरवत नाही का?"

"पुरुषजात ते, बायको मेली तं आंधी दुसरी पाहीन का पोट्टं पाहीन?"

थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाली, "मडक्याच्या तोंडाशी गेला आन परत आला." मग मला वाटलं चुलीकडे गेली असेल. आणि एकदम छपरीतून तिची हाक आली, अशी की पोरगी दचकली.

"गेला वं! गेला आतमंधी! शेपटी तेवढी बाहेर हाय!"

मडक्यात पिल्लाची बारीक चिरचिर झाली ती तिला ऐकू आली. "मांगून राह्यलं," म्हणाली, "भरवून राह्यला बाप." गोधडी सारून ती आत आली तेव्हा तिचं तोंड बघण्यासारखं होतं. नातू झाल्यासारखं.

पण बाप भरवतो, अंगाखाली घेऊन बसत नाही. ते काम मादीचं. दिवस कलला तशी छपरीत थंडी उतरली. आत्यानं मडक्यात बोट घालून बघितलं. म्हणाली, "थंड पडून राह्यलं." मग ती दारात उभीच राहिली. आत ऊब होती पण धूर होता, बाहेर हवा होती पण गारठा होता. ती पिंजऱ्याकडे बघे, पोरीकडे बघे.

"आजची धुरी राहू देतो," ती म्हणाली. "नुसती शेगडी ठेवतो. आजच्या रोज. उद्या मले मांगू नोको."

पिंजरा आत आला. निखारे होते, धूर नव्हता. तेवढी एक संध्याकाळ त्या खोलीत मी पोटभर श्वास घेतला. नर दोनदा मडक्यात गेला. आत्या बाजेला टेकून बसली होती आणि लेकराच्या नाकाशी बोट धरून श्वास तपासत होती, मग उठून मडक्याशी कान लावत होती. तशीच बसल्या जागी झोपली.

उजाडताना पोरीला ठसका लागला. मला झोपेत कळलं नाही. मला जाग आली ती धुरानं. आत्यानं मूठभर नाही, ओंजळभर ओवा टाकला होता. पोरीला धुरावर धरून हलवत होती आणि तोंडानं पुटपुटत होती, "जाऊ नोको, जाऊ नोको." पिंजरा तिथेच खुंटीला. ती विसरली नव्हती. तिच्या हातांना एका वेळी दोन जीव धरता येत नव्हते, एवढंच.

मी उठले. बाळंतीण बाई, अंगात ताकद नाही, पायांवरून रक्ताचा ओघळ येत होता. पिंजरा काढला, गोधडी ओढून टाकली आणि छपरी ओलांडून थेट अंगणात गेले. कोवळं ऊन आलं होतं. आत्या मागून ओरडली, "मरशीन वं! बाळंतरोग होईन तुले!" पण हातात पोर असल्यामुळे तिला धावता येईना.

नर तळाशी पडला होता. हातात घेतला, हवेत धरला, फुंकर घातली. एकदा डोळा उघडला त्यानं, आणि मान टाकली.

पिल्लू मडक्यात खाली असल्यामुळे वाचलं होतं. धूर वरून गेला असावा. मी तळहातावर घेतलं. डोळे आता उघडले होते, लाल. आणि पाठीवर, पंखांच्या कडेला, काटे फुटले होते, पिसं निघायच्या आधीचे बारीक काटे. प्रत्येकाच्या टोकाला थोडा थोडा पिवळा रंग होता. हळदीत सुई बुडवावी तेवढा.

आत्यानं त्याला पाळलं. मी नाही, आत्यानं. ज्वारीची भाकरी चावून चावून अगदी पातळ करायची आणि काडीनं त्याच्या चोचीत घालायची. पोलक्यात छातीशी ठेवायची. एका हातात नात, पोलक्यात पिल्लू. शेजारणी हसायच्या, "बुढी पान्हावली वाटते!" ती म्हणायची, "हासा. तुमच्या घरी सोन्याचं पाखरू हाय का?" धुरी ती पोरीला देतच होती, पण ओवा टाकला की पोलक्यातल्या पिल्लाला धूर लागू नये म्हणून स्वतः बाहेर थांबायची आणि धुरी संपल्यावर आत यायची.

पिवळे काटे वाढले. पण पिल्लू वाढलं नाही. गळ्याची पिशवी भरलेली असायची, अन्न मात्र खाली सरकतच नव्हतं. भाकरी त्याच्या पोटाला चालणारी नव्हती, हे आम्हाला कोण सांगणार? एका दुपारी आत्या पोलक्यात हात घालून बराच वेळ तशीच बसली. मला कळलं. तिनं ते काढून मला दाखवलं. खांद्यावर दोन पिसं उमलली होती, पिवळी. यांना दाखवायला राहिलीच.

संध्याकाळी पोरगी दोनदा शिंकली. आत्या शेगडी घेऊन आली, निखारे फुललेले. पण ओवा टाकला नाही. माझ्यासमोर उकिडवी बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला विचारलं.

"देऊ का धुरी? का नोको देऊ?"

पिंजरा रिकामा झाला होता, आता धुरानं मरायला कोणी नव्हतं. नको म्हणावं असं माझ्या फुफ्फुसांना, डोळ्यांना, सगळ्या अंगाला वाटत होतं. धुरानं काय होतं ते मी याच बाजेवरून बघितलं होतं. पण मांडीवर पोर होती, नाक वाहत होतं तिचं, आणि मागच्या थंडीतला त्या पहिल्या लेकराचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. धुरी नाही दिली आणि काही झालं तर?

"द्या," मी म्हटलं.

आत्यानं चिमूटभरच ओवा टाकला. आम्ही दोघी खोकत बसलो.