दुप्पट अधिक तीस

उबवणी केंद्रात सगळे तिला खुडूकताई म्हणत, आणि तिला त्याचा राग नव्हता. खुडूक कोंबडीसारखीच ती अंड्यांच्या मशीनपाशी ठाण मांडून बसायची. कुणाच्या लग्नाला गेली तरी हिचा अर्धा जीव मशीनमध्ये. नवरा म्हणायचा, "मी अंडं असतो तर बरं झालं असतं. निदान विचारपूस तरी झाली असती!"

जुनं मशीन फॅरनहाइटचं होतं. काचेच्या थर्मामीटरवर शंभर दिसले की सगळं आलबेल, हे तिच्या अंगात मुरलेलं. मग नवं मशीन आलं आणि त्याच्या पडद्यावर लाल अक्षरांत ३७.७ दिसायला लागलं. बसवणाऱ्या मेकॅनिकने समजावायला तोंड उघडलं, तोच ही म्हणाली, "सेल्सिअस ना? येतं मला."

तिला खरंच तसं वाटत होतं. जहाजावर नोकरी केलेल्या दादाने शिकवलं होतं, आकडा दुप्पट करायचा आणि तीस मिळवायचे. रेडिओवर हवामान सांगताना दहा म्हटलं की हिचे पन्नास तयार. हा हिशोब आजवर कुठे अडला नव्हता.

पहिला आठवडा तिने कसाबसा दम धरला. पण आकडा डोक्यातून जाईना. सदतीस पूर्णांक सातची दुप्पट पंचाहत्तरच्या वर, अधिक तीस. एकशे पाच! पिल्लं आतल्या आत शिजतील की! मालकाला विचारावं, तर 'येतं म्हणालात ना' हे ऐकून घ्यावं लागणार. तिने कुणाला न सांगता बटण दाबून आकडा पस्तीसवर आणला. पस्तीस दुणे सत्तर, अधिक तीस, बरोबर शंभर. तिचा जीव भांड्यात पडला.

अंडी फुटायचा दिवस आला आणि गेला. दुसऱ्या सकाळीही एका अंड्याला तडा नव्हता.

"गेली ही खेप," मालक ट्रे बघून म्हणाला. "म्हाताऱ्याने नासकी अंडी गळ्यात मारली आपल्या. दुपारी नवी खेप येतेय. जेवणं झाली की हे सगळं खड्ड्यात टाका. आणि म्हाताऱ्याला सांगा, पुन्हा या दारात यायचं नाही."

तो म्हातारा अंडी पुरवायचा, आणि एकेक अंडं पारखून आणायचा. खुडूकताईला चैन पडेना. तिने खणातून जुना काचेचा थर्मामीटर काढला आणि नव्या मशीनमध्ये ठेवला. पारा चढला आणि पंच्याण्णववर थांबला. तिने काच पुसून पुन्हा ठेवला. पंच्याण्णवच.

तिने दादाला फोन लावला. तो हसायलाच लागला. "अगं वेडाबाई, ते हवेपुरतं! स्वेटर घालायचा की नाही, एवढं कळायला. आकडा मोठा झाला की ते भलतीकडेच जातं. नेमकं हवं असेल तर नऊने गुण, पाचाने भाग, मग बत्तीस मिळव."

"हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू ऐकायला थांबलीस कुठे?"

म्हणजे अंडी नासकी नव्हती. ऊब कमी पडली म्हणून मागे राहिली होती, कदाचित जिवंतही होती. आता नुसतं बटण दाबून आकडा पूर्ववत केला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. म्हाताऱ्याचं नाव खराब झालं असतं, हिचं नाही. हा विचार मनात आला याचीच तिला लाज वाटली. तिने एक अंडं कानाला लावलं. काही नाही. दुसरं लावलं, तिसरं लावलं. चौथ्यात आतून कुणीतरी हळूच खरवडत होतं.

मालक बादल्या घेऊन आला तेव्हा ती मशीनच्या दाराला पाठ लावून उभी होती.

"मालक, अंडी चांगली आहेत. मीच ऊब कमी केली होती. दोन आठवडे पस्तीसवर ठेवली."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

"मेकॅनिक सांगत होता तेव्हा काय म्हणालात?"

"येतं मला, म्हणाले."

"आणि?"

"येत नव्हतं."

मालकाचा चेहरा लालबुंद झाला. तिने ते चौथं अंडं त्याच्यापुढे धरलं. त्याने रागारागानेच ते कानाशी नेलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मग बादली खाली ठेवली आणि नवी खेप थांबवायला फोन केला. आकडा त्याने स्वतः बदलला. "यापुढे या बटणाला तुमचा हात लागला तर बघा," एवढंच म्हणाला.

पिल्लं बाहेर यायला आणखी दोन दिवस लागले. ओली, लटपटती, पण जिवंत. निम्मी अंडी मात्र तशीच राहिली. ती तिने एकेक करून फोडली. प्रत्येकात पुरतं वाढलेलं पिल्लू होतं, पिसांसकट, चोचीसकट.

"राहू द्या ताई," मालक म्हणाला. "दुसऱ्या कुणाला सांगतो."

"नको," ती म्हणाली. "ही माझ्या हातून गेली आहेत. मीच बघते." आणि तिने पुढचं अंडं उचललं.