निळा बर्फ

माझा नवरा अमेरिकन. चित्रकार. लहान मुलांच्या पुस्तकांतली चित्रं काढून जन्म गेला त्याचा. आम्ही इथे हॅरो उपनगरात राहायला आल्यापासून त्याच्या पुस्तकांतली प्रत्येक बाई मीच आहे. परी मी, चेटकीण मी, आजीबाईसुद्धा मीच. घरबसल्या दुसरं कोण मिळणार होतं त्याला?

गेल्या हिवाळ्यात प्रकाशकाकडून नव्या पुस्तकाची चित्रं परत आली. बर्फ एवढा निळा का, असं त्यांनी विचारलं होतं. "निळा? पांढराशुभ्र तर आहे!" हा उलट माझ्यावरच डाफरला. मी हॉस्पिटलात नर्स आहे, दिवसभर लोकांच्या डोळ्यांत ड्रॉप्स घालते. मला लगेच कळलं, मोतीबिंदू. त्याला सगळं पिवळट दिसायचं, म्हणून हा आपला निळा रंग ओतत सुटला होता.

पण ऑपरेशनला हा काही केल्या तयार होईना. "डोळा गेला तर मी संपलो. हे पुस्तकही गेलं," एवढंच धरून बसला. ड्यूटी करून ट्रेनमध्ये उभ्याने घरी यायचं, स्वयंपाक करायचा आणि वर ह्याची समजूत काढायची. खरं सांगते, जीव नकोसा झाला होता. एकदा माझंही डोकं फिरलं. म्हटलं, "नको करूस, बाबा! बस निळा बर्फ पाडत!" दुसऱ्या दिवशी गुपचूप तयार झाला.

ऑपरेशन नीट झालं. सकाळी ड्रॉप्स घालायला मी त्याच्या डोळ्यावरचं झाकण काढलं. त्याने आधी टेबलावरची चित्रं पाहिली. "शी! हे मी केलं?" मग माझ्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिला.

"काय झालं?" मी विचारलं. त्याने पेन्सिल उचलली. ड्रॉप्सची बाटली हातात धरून मी तशीच उभी.

त्याने कागद माझ्याकडे वळवला. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, कपाळावर आठ्या, ओघळलेलं तोंड. मला संतापच आला.

"एवढी म्हातारी दिसते मी?"

"दमलेली दिसतेस," तो म्हणाला. "मला इतके दिवस दिसलंच नाही गं."

हे कुणीतरी म्हणावं म्हणून मी किती थांबले होते, ते मला तेव्हा कळलं. ड्रॉप्स राहिले बाजूला. तिथेच खुर्चीत बसून मी ढसाढसा रडले.