बाबांना राइस मिल समजावताना

एम.कॉम.च्या शेवटच्या सेमिस्टरला आमच्या कॉलेजात सगळ्यांना धास्ती असायची ती प्रोजेक्टची. कॉस्टिंग, टॅक्स, ऑडिट, दोन वर्षांत जे काही शिकलो ते सगळं एकाच धंद्याच्या हिशोबांना लावून दाखवायचं आणि शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकांपुढे उभं राहून त्यावर बोलायचं. माझ्या वाट्याला एक राइस मिल आली. तिचं मशीन जुनं झालं होतं. नवं घ्यावं की आहे तेच दुरुस्त करून चालवावं, हे मला मिलच्या हिशोबांवरून सांगायचं होतं.

प्रोजेक्ट सुरू झाला आणि त्याच थंडीत बाबांना लकवा झाला.

बाबा रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते. सकाळी दाढी करताना हातातून रेझर पडला. आईनं काय झालं म्हणून विचारलं, तर तोंडातून नुसता आवाज निघाला. दवाखान्यातून घरी आल्यावर पायात हळूहळू जीव आला, पण उजवा हात आणि बोलणं मागेच राहिलं.

पुरानी बस्तीतल्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, बाबा म्हणजे बोलका माणूस. रस्त्यात हिंदी, कारखान्यात छत्तीसगढी, घरात आईशी वऱ्हाडी. आता शेजारी भेटायला येऊन हिंदीत विचारपूस करायचे, तर बाबा त्यांच्या ओठांकडे बघत राहायचे आणि मग आईकडे. आई मराठीत बोलली की मान हलवायचे.

समता कॉलोनीतल्या क्लिनिकमध्ये बोलणं शिकवणाऱ्या दीदी होत्या. त्यांनी विचारलं, "घर में किस भाषा में बात होती है?"

"आमी दोघं मराठीत बोलतो," आई माझ्याकडे बघत म्हणाली, "अन् ही पोट्टी हिंदीत."

त्या म्हणाल्या, "कभी-कभी बाद में सीखी भाषा पीछे छूट जाती है. धीरे-धीरे आ जाएगी. अभी जो बची है, उसी में बात कीजिए. खूब बात कीजिए."

माझी अडचण तिथेच होती. मला मराठी सगळी समजायची, पण शाळेत जायला लागल्यापासून माझ्या तोंडात हिंदीच बसली होती. आई म्हणायची, "जेवली का?" मी म्हणायची, "हाँ, खा लिया." घरात कुणालाच त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. आमच्या ओळखीच्या बहुतेक घरांत असंच चालायचं.

सकाळभर आई बोलायची. भाजी काय आणली, कुणाकडे पाहुणे आले, नागपूरच्या मामांचा फोन आला. दुपारी ती स्वयंपाकघरात वळली की माझी पाळी. पहिल्या दिवशी मी बाबा निजायचे त्या लाकडी तखतावर बसले, म्हणाले, "बाबा, कसे आहे तुमी?" आणि पुढे काही सुचेना.

सुचण्यासारखं डोक्यात होतं ते एकच. कॉलेजातल्या मॅडम म्हणाल्या होत्या, "जिसने कॉमर्स नहीं पढ़ा, ऐसे किसी को घर में समझाओ. वो समझ गया, तो तुम भी समझ गई." मी लॅपटॉप मांडीवर घेतला.

"बाबा, एक मिल आहे. धानाची. तिचं मशीन बुढ्ढं झालं."

"जुनं झालं म्हण," आतून आई म्हणाली. "मशीन बुढ्ढं नाही होत."

"जुनं झालं. तर बाबा, हिशोबात आपण त्याची कीमत दर साल थोडी थोडी कमी करतो."

बाबा माझ्याकडे बघत होते. ओठ हलले, पुन्हा मिटले. मग अगदी स्वच्छ म्हणाले, "काहून?"

कणकेच्या हातानंच आई बाहेर आली. "काय म्हणले?"

"काहून?" बाबा परत म्हणाले. आई उंबऱ्यावर बसली.

बाबांनी 'का' म्हणून विचारलं होतं, मला उत्तर देणं भाग होतं. "काहून की, मशीन रोज चालते, तर ते..." शब्द येईना. पुस्तकातला हिंदी शब्द बाबांना कळला नसता, इंग्रजी तर नाहीच. मी दोन्ही तळवे एकमेकांवर घासून दाखवले. बाबांनी डाव्या हाताची बोटं तखताच्या गुळगुळीत झालेल्या कडेवरून फिरवली. कपाळावर शीर उभी राहिली होती.

"झि... झिजते."

"हव बाबा, झिजते."

पुस्तकी मराठीत याला घसारा म्हणतात, ते मला खूप नंतर कळलं.

मग रोजचं झालं. मी एक वाक्य बोलायची, बाबा म्हणायचे, "काहून?" नफा दिसतो, तर गल्ल्यात पैसे कमी काहून? दुरुस्तीचा खर्च याच वर्षात काहून? कधी ते खरंच विचारत असावेत, कधी तो शब्द जिभेवर सहज येतो म्हणून म्हणत असावेत. मला फरक ओळखता यायचा नाही, म्हणून मी सगळ्यांचीच उत्तरं द्यायची. जे येत नसे ते दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारून यायची. आई आतून माझी मराठी दुरुस्त करत राहायची.

शेवटी मी निकाल सांगितला. "बाबा, हिशोबानं दुरुस्तीच बरी आहे. तेच मशीन अजून काही वर्षं निघते."

बाबांनी मान हलवली. "नवं."

"नवं महाग पडते ना. हे पाहा."

"नवं," ते म्हणाले, आणि स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही.

जन्मभर जुन्या वॅगन दुरुस्त केलेला माणूस, आणि हट्ट नव्याचा. मी म्हणाले, "काहून वं बाबा?"

"वं बाईले म्हणतात, बाबाले नाही," आई आतून म्हणाली, आणि बाबा हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा. हसू चेहऱ्याच्या एकाच बाजूला आलं होतं, पण ते त्यांचंच होतं.

वायव्हा हिंदीत होती. परीक्षकांनी मशीनबद्दल विचारलं आणि मी म्हणाले, "सर, मशीन झिजती है."

"क्या होती है?"

"घिसती है, सर. घर में तैयारी मराठी में की थी."

"अकाउंटिंग की? मराठी में?"

"हव सर."

त्यांनी चष्मा काढला आणि पुसत म्हणाले, "अच्छा, बताइए, मरम्मत ही क्यों?" मी सांगत गेले. कुठे अडखळले नाही. मार्क चांगले मिळाले, पहिली वगैरे आले नाही.

बाबांची हिंदी उन्हाळा संपता संपता परत आली, आधी दूधवाल्यापुरती, मग हळूहळू पाऱ्यापुरती. कारखान्यात त्यांना बसून करायचं काम मिळालं. बाबांचं आणि माझं बोलणं मात्र मराठीतच राहिलं. आई फोनवर मावशीला सांगत होती, "पोट्टी मराठी बोलून राहिली आता. चुकते, पण बोलते." मी पुढच्या खोलीतच होते. ती हे मुद्दाम मोठ्यानं सांगत असावी.

आता मी चौबे कॉलोनीत एका सीएंच्या ऑफिसात आहे. संध्याकाळी घरी आले की बाबा विचारतात, आज काय केलं. मी सांगते. मध्येच कधी त्यांचा शब्द अडतो, कधी माझा. तोपर्यंत दुसऱ्यानं चहा पीत थांबायचं.