टाकवलेला शिलालेख

गल्लीत कुणी छिन्नीचे घाव घालून पाटा टाकवत होतं. दगडाच्या भुकटीचा वास घरात शिरला आणि अमडापूरजवळच्या देवळातली ती शिळा आठवली.

"शिलालेख झिजत चाललाय, जपा," असं मीच गावाला सांगितलं होतं. पुढे कागद-शाई घेऊन ठसा घ्यायला गेलो, तर जाती टाकवणारी सखूबाई शिळेपाशी हसत उभी.

"मास्तर, अक्षरं बुजून राह्यले होते. म्या टाकी मारून खोल केले. आता वाचा, काय लिवलं हाये?"

तिला वाचता येत नव्हतं. रेघ दिसेल तिथे तिनं टाकी मारली होती. एकही अक्षर उरलं नव्हतं. तिच्या पापण्यांवर भुकटी होती.

'हे देऊळ साऱ्या गावानं बांधलं,' असं मी रचून वाचलं.

तेच वाक्य आता देवळाच्या दारावर रंगवलंय. खाली माझं नाव आहे.