'गांजून राहिलो'चा अलर्ट

"मॅडम, 'गांजा' साफ सुनाई दे रहा है," दिल्लीचे साहेब व्हिडिओ कॉलवर म्हणाले. स्क्रीनवर बांगलादेशचे अधिकारीही होते. त्यांनी बॉर्डरवर वरूडच्या संत्र्याचे दोन ट्रक अडवून ठेवले होते. तेही आमच्याच सांगण्यावरून.

मी तेव्हा अमरावतीत अंमली पदार्थविरोधी पथकात होते. मूळची अकोल्याची, म्हणून वऱ्हाडी रेकॉर्डिंग आलं की माझ्याच टेबलावर. हे मात्र आलंच नाही! एका ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आम्ही रीतसर परवानगी घेऊन ऐकत होतो. दिल्लीच्या सॉफ्टवेअरनं त्यातून तीन शब्द उचलले: गांजा, ट्रक, बॉर्डर. ते थेट ढाक्याला गेले अलर्ट म्हणून. अलर्ट म्हणजे 'हा माल तपासा' असा एका देशानं दुसऱ्याला दिलेला इशारा.

माल होता वरूडच्या सुधाकरभाऊंचा. बिचाऱ्यानं पहिल्यांदाच देशाबाहेर संत्री पाठवली होती. कुत्र्यांनी हुंगून झालं, पेट्या उघडून झाल्या, काही सापडलं नाही. तरी दिल्ली अलर्ट मागे घेईना, म्हणून ट्रक सुटेनात. मार्चचं ऊन मी म्हणत होतं. आणखी एक दिवस गेला असता तर संत्र्यांचा पार चिखल झाला असता आणि भाऊंना उचलायला पोलिसांची गाडी गेली असती.

"सर, पूरा रेकॉर्डिंग लगाइए."

"जरूरत क्या है?"

"है जरूरत. लगाइए!"

आम्हा वऱ्हाड्यांचं साधं बोलणंही पुण्यात भांडण वाटतं. दिल्लीत काय वाटलं असेल, देव जाणे.

रेकॉर्डिंग लागलं. सुधाकरभाऊ ट्रान्सपोर्टवाल्याला विचारत होते, "दोन्ही ट्रक बॉर्डरवर पोचले का नाई, सांग ना रे बाप्पा! मी तं इकडं लय गांजून राहिलो. मामेसासरे आले, आठ दिवस झाले, हालूनच नाई राहिले. सकाळी उठल्या उठल्या भजे पाहिजे त्याइले!"

मला हसू आवरेना. "सर, गांजा नाही, गांजणं! म्हणजे छळ. पाहुण्यानं बेजार झालाय हो माणूस."

साहेबांनी नकारार्थी मान हलवली. ही बाई गाववाल्याला वाचवतेय, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. माझं तर डोकंच फिरलं.

तेवढ्यात ढाक्याचे रहमानसाहेब खुर्चीत पुढे सरकले. "गंजना?" त्यांनी हिंदीत विचारलं. "हमारी बांगला में भी है. शाशुडीर गंजना!"

"शाशुडी?"

"सास, मॅडम, सास! उसके ताने!"

"वही! इनको मामाससुर की हुई है!"

मग काय, दोन्ही देश खो खो हसले. दिल्लीच्या साहेबांनी कपाळाला हात लावला. "मेरे यहाँ भी साले साहब आए हुए हैं," म्हणाले.

तासाभरात ट्रक सुटले. दुसऱ्या दिवशी रहमानसाहेबांनी फोटो पाठवला. ढाक्याच्या बाजारात आपल्या वरूडच्या संत्र्यांचा ढीग! खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. ट्रक कशामुळे अडले होते, हे सुधाकरभाऊंना अजूनही माहीत नाही, आणि नसलेलंच बरं. ट्रान्सपोर्टवाल्यावरची नजर मात्र आम्ही हटवली नाही.

तेव्हापासून नियम झाला. अलर्ट बाहेर पाठवण्याआधी अख्खं रेकॉर्डिंग त्या मुलखाच्या माणसाला ऐकवायचं. मशीनला शब्द ऐकू येतो. पाहुणा कधीपासून मुक्कामाला आहे, हे माणसालाच विचारावं लागतं.